बाबांच्या फोनची होम स्क्रीन पुन्हा पुन्हा बंद पडतेय, रीसेट न मारता काही करता येईल का?

पाणपोई

प्रश्न बाबांच्या फोनचा आहे. अँड्रॉइड १३, साधा मधल्या वर्गातला फोन, कधी पडला-भिजलेला नाही. काही दिवसांपासून 'लाँचर (म्हणजे होम स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) थांबलं आहे' अशा अर्थाची पाटी येते. 'अ‍ॅप बंद करा' दाबलं की पडदा क्षणभर कोरा होतो, सगळे आयकॉन परत येतात आणि श्वास घ्यायच्या आत पुन्हा तीच पाटी. कधी दिवसभर काहीच होत नाही, तर कधी फोन हातात धरवत नाही. कॉल आला तर घेता येतो, नीट बोलणं होतं. ठेवला की होमवर परत आणि पुन्हा पाटी.

रीस्टार्ट केला की बरा होतो. किती वेळ टिकेल याचा मात्र नेम नाही. मेमरी भरपूर मोकळी आहे. नवीन काही टाकलं नाही असं बाबा ठामपणे सांगतात.

आधीच सांगून ठेवतो, फॅक्टरी रीसेट आणि 'डेटा क्लिअर' हे दोन सल्ले शेवटी ठेवा. बाबा अ‍ॅपची नावं वाचत नाहीत, त्यांना जागा पाठ आहेत. 'खालून दुसरी ओळ, उजवीकडचं निळं' असा त्यांचा हिशोब असतो. ही मांडणी त्यांनी हळूहळू, स्वतःच्या हातानं लावली आहे. ती मोडली तर फोन सुरू असूनही त्यांच्यासाठी बंदच.

निवांत_दुपार

सेटिंग, अ‍ॅप्स, सिस्टीम अ‍ॅप्स दाखवा, लाँचर, स्टोरेज, क्लिअर डेटा. दोन मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे असंच झालं होतं, यानेच गेलं.

गंजकेकुलूप

निवांत, धागा पूर्ण वाचत चला की. त्यांनी नेमकं हेच नको म्हटलंय.

पाणपोई, त्या पानावर दोन वेगळी बटणं असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. 'कॅशे साफ करा' निर्धास्त दाबा. त्याने तात्पुरत्या फायली जातात, मांडणीला धक्का लागत नाही. 'स्टोरेज साफ करा' म्हणजे मात्र लाँचरची वही फाडणं. कोणता आयकॉन कुठल्या पानावर, कुठल्या फोल्डरात, कुठलं विजेट (होमवर घड्याळ, फोटो वगैरे दाखवणारी चौकट) किती रुंद, हे सगळं लाँचर स्वतःच्या एका छोट्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो. स्टोरेज साफ केलं की तो डेटाबेस जातो आणि कारखान्यातून आली तशी होम स्क्रीन समोर येते. अ‍ॅप आणि त्यांतली माहिती शाबूत राहते, जाते ती मांडणी. म्हणजे तुमच्या बाबांच्या दृष्टीने सगळंच.

आता काही प्रश्न.

पाटी येते तेव्हा वरची पट्टी, म्हणजे घड्याळ, बॅटरी, नोटिफिकेशन, जागेवर असते का? की तीही गायब होते?

होम अ‍ॅप फोनसोबत आलेलंच आहे की कुणी वेगळं लाँचर टाकलंय?

आणि सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेलं सगळं बंद ठेवून फोन सुरू केल्यावर, काय होतं?

काहीही करण्याआधी होम स्क्रीनच्या प्रत्येक पानाचा दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपची विजेट होमवरून निघून जाऊ शकतात. ती परत लावायची वेळ आली तर कुठे काय होतं ते दिसलं पाहिजे.

उंटावरचाशहाणा

फोन उलटा करून मागे दोन चापट्या. टीव्हीला चालायचं.

पाणपोई

चापट्या बाबांनी आधीच मारून पाहिल्या आहेत. :)

गंजकेकुलूप, वरची पट्टी जागेवर असते. ती खाली ओढून चाकाच्या चिन्हावरून सेटिंगमध्येही जाता येतं, तिथे कितीही वेळ बसा, काही होत नाही. लाँचर फोनसोबत आलेलंच आहे. कॅशे साफ केली, फरक नाही. सेफ मोडचं संध्याकाळी बघून सांगतो.

जुनीबॅटरी

माझ्याकडेही हाच त्रास! कॅमेरा किंवा नकाशा वापरून होमवर आलं की सगळे आयकॉन नाहीसे होतात, मग एकेक करून उगवतात. वरील उपाय करून बघतो.

गंजकेकुलूप

जुनीबॅटरी, तुमचा त्रास हा नाही. पाटी येत नसेल आणि आयकॉन फक्त उशिरा उगवत असतील तर लाँचर कोसळलेला नाही. रॅम कमी पडली म्हणून सिस्टीमने त्याला मागच्या मागे बंद केलंय आणि तुम्ही होमवर आल्यावर तो नव्याने सुरू होतोय. कमी रॅमच्या फोनवर कॅमेऱ्यासारखं जड अ‍ॅप उघडलं की हे होतंच. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. होमवरची विजेट आणि हलणारा वॉलपेपर कमी करा, थोडा फरक पडेल.

पाणपोई, पट्टी जागेवर आहे ही चांगली बातमी. वरची पट्टी, नोटिफिकेशनचा पडदा, लॉकस्क्रीन हे सगळं 'सिस्टीम यूआय' नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे असतं. तो कोसळला की पडदा काळा होतो, पट्टी जाते, कधी फोन थेट लॉकस्क्रीनवर येऊन पडतो. ते दुखणं मोठं. तुमचं लाँचरपुरतं दिसतंय. लाँचर म्हणजे सरतेशेवटी एक अ‍ॅपच, घड्याळ किंवा कॅल्क्युलेटरसारखं. फरक एवढाच की घड्याळ कोसळलं तर ते बंद होऊन राहतं, आणि होम कोसळलं तर सिस्टीमला दाखवायला दुसरं काही नसल्यामुळे ती तेच पुन्हा उघडते. कोसळण्याचं कारण तिथेच असेल तर पुन्हा कोसळतं. तुम्हाला दिसणारं चक्र हेच.

सफरचंदी

आयफोनमध्ये असलं काही होत नाही.

गंजकेकुलूप

होतं हो. तिकडे त्या प्रोग्रामला स्प्रिंगबोर्ड म्हणतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतलं एक जोडाक्षर नोटिफिकेशनमध्ये आलं की तो कोसळायचा आणि फोन गोल गोल फिरत बसायचा. आयओएस ११.२.६ मध्ये ते दुरुस्त झालं. अक्षर मांडता आलं नाही म्हणून अख्खी होम स्क्रीन आडवी! तेव्हा जरा दमानं.

सफरचंदी

बरं बाबा, गप्प बसतो.

रिकामीपाटी

एक शंका. असं झालं की सरळ दुसरं लाँचर टाकायचं ना? सेटिंगमध्ये डीफॉल्ट अ‍ॅप्स, होम अ‍ॅप, तिथे नवीन निवडायचं. जुन्याची कटकटच नको.

तिसरीखिडकी

चाचणी म्हणून चांगलं आहे, उपाय म्हणून अर्धवट.

अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अलीकडची अ‍ॅप दाखवणारा पडदा आणि खालून वर सरकवायचे हावभाव, हे दोन्ही फोनसोबत आलेल्या लाँचरच्याच पोटात असतात. तुम्ही बाहेरचं लाँचर लावलं तरी ते काम जुनाच करत राहतो. म्हणून होमला दुसरं लाँचर असूनही 'जुनं लाँचर थांबलं' अशी पाटी येऊ शकते आणि माणूस चक्रावतो. याच कारणासाठी जुनं लाँचर डिसेबल करायच्या फंदात पडू नका. हावभाव बंद पडून फोनमध्ये अडकून बसायची वेळ येते. हावभावांमुळे त्रास होतोय असं वाटलं तर तात्पुरतं तीन बटणांच्या पट्टीवर जा.

पाणपोई, मी याच कामात आहे म्हणून एक सांगते. पाटीवर ज्याचं नाव असतं तो कोसळलेला असतो, पण पाडणारा तोच असेल असं नाही. लाँचर बिचारा इतरांचं बरंच सामान स्वतःच्या घरात मांडून दाखवतो. सेफ मोडचा निकाल आला की बोलू. तोवर काहीही पुसू नका.

पाणपोई

सेफ मोडचा निकाल: पॉवर बटण दाबून धरलं, 'बंद करा' वर बोट दाबून ठेवल्यावर सेफ मोडचं विचारलं, हो म्हटलं. फोन त्यात पूर्ण संध्याकाळ ठेवला. एकदाही पाटी नाही. पुन्हा नेहमीसारखा सुरू केला, रात्री ठीक होता, सकाळी चहाच्या आधीच पाटी हजर.

म्हणजे बाहेरच्या कुठल्या तरी अ‍ॅपचा दोष, बरोबर ना? आता काय, एकेक अ‍ॅप काढत बसायचं? साठेक तरी असतील.

निवांत_दुपार

हो, शेवटी टाकलेल्यापासून उलट सुरुवात करा. प्रत्येक वेळी रीस्टार्ट करून बघा.

तिसरीखिडकी

अजिबात नको. ही पद्धत दोष हमखास दिसत असेल तेव्हाची. तुमच्याकडे तो कधी दिवसभर येतच नाही. एखादं अ‍ॅप काढलं आणि पाटी आली नाही, तर ते अ‍ॅप दोषी होतं की नुसता चांगला दिवस होता, हे कसं ठरवणार? निरपराध अ‍ॅप जातील आणि बाबांच्या जागाही मोडतील.

मोबाइल कोसळताना कारण लिहून ठेवतो, ते वाचू या. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा आणि फोन संगणकाला जोडा. एडीबी नावाचं छोटं साधन गूगलच्या अधिकृत प्लॅटफॉर्म टूल्समध्ये फुकट मिळतं. त्यात लॉगकॅटकडून, म्हणजे फोनची नोंदवही वाचणाऱ्या आज्ञेकडून, फक्त क्रॅशचा बफर (कोसळण्याच्या नोंदी) मागवा, म्हणजे हजारो ओळींचा कचरा येणार नाही. पाटी येऊन गेल्यावर लगेच मागवा, कारण रीस्टार्ट केलं की तो बफर रिकामा होतो.

संगणक हाताशी नसेल तर त्याच डेव्हलपर पर्यायांत 'बग रिपोर्ट' आहे. पण त्या झिपमध्ये खाती, वायफायची नावं, काय काय असतं. ती इथे चिकटवू नका. उघडून त्यात 'फेटल एक्सेप्शन' शोधा आणि त्याखालच्या पाच-सहा ओळी फक्त इथे द्या.

काम झालं की डीबगिंग बंद करायला विसरू नका.

उंटावरचाशहाणा

वाचनखूण साठवली. माझा फोन व्यवस्थित चालतोय, पण आता बिल्ड नंबरवर टिचक्या मारायची इच्छा होतेय.

रिकामीपाटी

मला तर वॉलपेपरचा संशय येतोय. मागे एका तळ्याच्या फोटोने लोकांचे फोन बंद पडले होते ना?

गंजकेकुलूप

ती भानगड खरी होती. २०२० च्या मे-जूनमधली, अँड्रॉइड १० वरची. फोटोत रंगांची नेहमीपेक्षा मोठी कक्षा वापरलेली होती. फोन वॉलपेपर लावताना चित्राचा उजेड मोजतो, त्यासाठी ० ते २५५ असे २५६ कप्पे असतात. या फोटोतल्या काही ठिपक्यांचा हिशोब पूर्णांकात करताना २५५ च्या पुढे गेला. तो कप्पाच नाही, म्हणून प्रोग्राम कोसळला. आणि वॉलपेपर तर फोन सुरू होताच लागतो, त्यामुळे रीस्टार्ट करूनही सुटका नाही. कित्येकांना अख्खा फोन पुसावा लागला. अँड्रॉइड ११ मध्ये ती वाट बुजवली.

पण तेव्हा कोसळायचा तो सिस्टीम यूआय. वॉलपेपर त्याच्याकडे असतो, लाँचर त्यावर नुसते आयकॉन मांडतो. पाणपोईंची वरची पट्टी जागेवर आहे. म्हणून वॉलपेपरला मी निर्दोष सोडतो.

अवांतर: मार्च २०२१ मध्ये तर वेबव्ह्यू नावाच्या, इतर प्रोग्रामच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या घटकाचं एक अपडेट बिघडलं आणि जगभर लोकांची मेलपासून अनेक अ‍ॅप एकदम कोसळायला लागली. तेव्हाही जो तो ज्याचं नाव पाटीवर दिसतंय तेच अ‍ॅप काढून पुन्हा टाकत होता. उपयोग शून्य. वेबव्ह्यूचं अपडेट काढल्यावर, आणि मग नवं दुरुस्त अपडेट आल्यावर सगळं मूळ पदावर आलं. तिसरीखिडकी म्हणतात ते हेच.

रिकामीपाटी

मग लाँचरचंच अपडेट बिघडलेलं असू शकतं की.

गंजकेकुलूप

असू शकतं, आणि तसं असेल तर लाँचरच्या माहितीच्या पानावर तीन ठिपक्यांत 'अपडेट अनइंस्टॉल करा' असतं, ते करून बघता येतं. पण मग सेफ मोडमध्येही पाटी यायला हवी होती. लाँचर तिथेही तोच चालतो. सेफ मोड फक्त बाहेरच्यांना बाहेर ठेवतो. शिवाय अपडेट काढताना काही फोनवर डेटाही जातो, तेव्हा या घरात ते शेवटी.

पाणपोई

मिळालं! पाटी आली तेव्हाच फोन जोडला. इंग्रजी ओळी आहेत, जशा दिसल्या तशा देवनागरीत उतरवतोय:

"फेटल एक्सेप्शन: मेन"
"प्रोसेस: (लाँचरचं नाव)"
"जावा लँग रनटाइम एक्सेप्शन: कॅनव्हस: ट्राइंग टू ड्रॉ टू लार्ज (२००५४०१६० बाइट्स) बिटमॅप"

त्याखाली खूप ओळी आहेत, त्यांत इमेजव्ह्यू आणि बिटमॅप ड्रॉएबल असे शब्द आहेत, आणि अ‍ॅपविजेटहोस्टव्ह्यू हा एक शब्द दिसतोय. यातून काही कळतं का?

तिसरीखिडकी

यातून सगळंच कळतं. बाबांच्या होम स्क्रीनवर फोटो दाखवणारी चौकट आहे का? गॅलरीतले फोटो आळीपाळीने बदलणारी? आणि त्यांचा कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा आहे का?

पाणपोई

हो!! पहिल्याच पानावर वरच्या अर्ध्या भागात नातवंडांच्या फोटोंची चौकट आहे. आणि कॅमेरा ५० मेगापिक्सेलचाच. हे तुम्हाला कसं कळलं?

उंटावरचाशहाणा

बाई अंतर्ज्ञानी आहेत.

तिसरीखिडकी

अंतर्ज्ञान नाही, भागाकार. उघडलेल्या चित्राचा एकेक ठिपका मेमरीत ४ बाइट घेतो. २०,०५,४०,१६० ला ४ ने भागा, ५,०१,३५,०४० येतात. ते होतात ८१६० गुणिले ६१४४, म्हणजे पुरा ५० मेगापिक्सेलचा फोटो. फाइल म्हणून तो काही एमबीचाच दिसतो, कारण जेपेगमध्ये दाबून ठेवलेला असतो. पडद्यावर काढायचा तर उलगडावा लागतो आणि मग हा पसारा होतो.

अँड्रॉइड १३ मध्ये एका वेळी काढता येणाऱ्या चित्राला मर्यादा आहे, १०० एमबी, म्हणजे १०,४८,५७,६०० बाइट. त्याहून मोठं चित्र समोर आलं की सिस्टीम ते काढायला साफ नकार देते आणि ज्या प्रोग्रामने ते काढायला घेतलं तो कोसळतो.

आता मुख्य मुद्दा. विजेट हे दुसऱ्या अ‍ॅपचं असलं तरी पडद्यावर ते रंगवतो लाँचर, स्वतःच्या प्रक्रियेत. विजेटचं अ‍ॅप फक्त 'इथे हे चित्र लाव, इथे हा मजकूर' अशी चिठ्ठी पाठवतं. चित्र थेट चिठ्ठीतून पाठवलं तर सिस्टीम आकार तपासते: पडद्याच्या दीडपटीहून जास्त मेमरी खाणारं चालत नाही. १०८० गुणिले २४०० च्या पडद्यावर ही मर्यादा सुमारे साडेपंधरा एमबी पडते. ती ओलांडली तर विजेटचं अ‍ॅप स्वतः तोंडघशी पडतं, लाँचर सुखरूप. पण काही अ‍ॅप चित्र पाठवत नाहीत, नुसता पत्ता पाठवतात: 'गॅलरीतला अमुक फोटो लाव.' तिथे ही तपासणी लागूच होत नाही. लाँचर आज्ञाधारकपणे तो फोटो पूर्ण आकारात उघडतो आणि रंगवायला जातो तेव्हा आपटतो. लाँचरमध्ये विजेट मांडतानाच्या चुका झेलायची सोय असते, ऐन रंगवतानाची चूक मात्र झेलली जात नाही. म्हणून 'विजेट लोड करता आलं नाही' एवढ्यावर न भागता आख्खं होम जातं.

तुमची बाकीची कोडीही यात सुटतात. साधा फोटो ४०८० गुणिले ३०७२ असतो, उलगडून ५ कोटी बाइट, मर्यादेच्या निम्म्याला. तो सुखाने लागतो. चौकट आळीपाळीने फोटो बदलते, त्यात मोठ्या फोटोची पाळी आली की तमाशा, म्हणून कधी दिवसभर शांत आणि कधी हैदोस. लाँचर पुन्हा उभा राहिला तरी सिस्टीमने शेवटची चिठ्ठी जपून ठेवलेली असते, ती लाँचरच्या हातात परत देते, म्हणून लगोलग पुन्हा पाटी. फोन रीस्टार्ट केल्यावर चौकट नव्याने चिठ्ठी लिहिते, बहुधा दुसऱ्या फोटोची, म्हणून बरं वाटतं. आणि सेफ मोडमध्ये चौकटच नसते.

गंजकेकुलूप

टोपी काढली. रंगवताना झेलत नाहीत हे मला माहीत नव्हतं.

रिकामीपाटी

पण बाबांनी नवीन काही टाकलं नव्हतं ना? चौकट जुनीच असणार. मग आताच का?

पाणपोई

तेच त्यांना विचारलं. चौकट फोन घेतल्यापासून आहे. कॅमेरा उघडून बघितला तर वर '५० एमपी' चालू. गॅलरीत तपासलं, गेल्या महिन्यातल्या स्नेहसंमेलनाचे सगळे फोटो ८१६० गुणिले ६१४४ आहेत. त्याआधीचे सगळे लहान. बोट लागून चालू झालं असेल किंवा त्यांना कुणी दाखवलं असेल.

तिसरीखिडकी

अगदी जुळलं. असे कॅमेरे एरवी चार ठिपक्यांचा मिळून एक करतात आणि साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात. कमी उजेडात तोच जास्त चांगला येतो. ५० ची गरज भिंतीवर मोठं छापायचं असेल तरच. ते बंद करून टाका, जागाही वाचेल.

आता चौकटीचं. पाटी फिरत असतानाच काढायची असेल तर होमवर बोट दाबून धरायला वेळ मिळणार नाही. वरची पट्टी ओढा, सेटिंग, अ‍ॅप्स, आणि त्या चौकटीचं अ‍ॅप तिथून अनइंस्टॉल करा. नुसतं 'सक्तीने थांबवा' पुरेल असं धरू नका, १३ वर शेवटची चिठ्ठी तशीच लागलेली राहते. आत्ता फोन शांत असेल तर घाई नाही, विजेटवर बोट दाबून 'काढून टाका' एवढंच. बाकीचे आयकॉन हलणार नाहीत, तेवढी जागा रिकामी होईल.

पाणपोई

काढलं. बाकी सगळं जागच्या जागी आहे. पण बाबा म्हणतात, फोन बंद पडलेला परवडला, मुलांचे फोटो पाहिजेत. :(

निवांत_दुपार

तेच विजेट परत लावा आणि मोठे फोटो डिलीट करा.

तिसरीखिडकी

फोटो कशाला पुसायचे? चौकटीला संपूर्ण गॅलरी न देता एकच अल्बम देता येत असेल तर तिच्यासाठी वेगळा अल्बम करा आणि त्यात फक्त लहान केलेल्या प्रती ठेवा. मूळ फोटो जिथे आहेत तिथे राहू देत. बहुतेक गॅलरी अ‍ॅपच्या संपादनात आकार बदलायची सोय असते, प्रत म्हणून जतन करायचं. तेही जमत नसेल तर फोटो पडद्यावर उघडून स्क्रीनशॉट घ्या. तो पडद्याच्याच आकाराचा येतो आणि चौकटीला त्याहून मोठं लागतच नाही.

अल्बम निवडायची सोय नसेल तर दुसरं विजेट बघा. आणि चौकट बनवणाऱ्याला स्टोअरवरून जरूर कळवा: 'फोटो पत्त्याने देता, आकार कमी करून देत नाही, २६ मेगापिक्सेलच्या वर लाँचर कोसळतो.' २६ म्हणजे १० कोटी ४८ लाखांना चारने भागून. एवढी नेमकी तक्रार आली की दुरुस्ती दोन-चार ओळींची असते. 'तुमचं अ‍ॅप भिकार आहे, एक तारा' यातून त्याला काही कळत नाही.

गंजकेकुलूप

यात एक पुरवणी जोडतो, पुढे कुणी शोधत आलं तर उपयोगी पडेल. कोसळण्याचं चक्र सिस्टीमच्याच एखाद्या भागात अडकलं तर अँड्रॉइड ८ पासूनची बचाव यंत्रणा जागी होते. सतत चालू राहणारं एखादं सिस्टीम अ‍ॅप अर्ध्या मिनिटात पाचहून जास्त वेळा कोसळलं की ती पायरी पायरीने सेटिंग मागे घेत जाते. शेवटची पायरी म्हणजे रिकव्हरीचा पडदा: 'अँड्रॉइड सिस्टीम लोड करता येत नाही', आणि खाली दोन पर्याय, पुन्हा प्रयत्न करा किंवा फॅक्टरी रीसेट. घाबरून लोक दुसरा निवडतात. आधी पहिला निवडा. दुसऱ्यात सगळं जातं. शिवाय रिकव्हरीतून रीसेट केलेला फोन सुरू होताना आधीचं गूगल खातं आणि पासवर्ड मागतो, ५.१ पासून ते कुलूप आहे. पासवर्ड आठवत नसेल तर फोन घरातच अडकला म्हणून समजा.

सफरचंदी

विचारू का एक? हीच गत माझ्याकडे झाली तर मांडणी न घालवता काय करायचं?

गंजकेकुलूप

आधी सक्तीचा रीस्टार्ट. आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या सगळ्यांना हेच. सेटिंगमध्ये 'होम स्क्रीन लेआउट रीसेट' असं एक आहे, त्याने फक्त मांडणी मूळ होते, बाकी काही जात नाही. पण ते तुम्हाला नकोच आहे.

पाणपोई

चौकटीत अल्बम निवडता येतो. स्क्रीनशॉटवाली युक्ती वापरली, निवडक फोटो घेतले, ५० एमपी बंद केलं. मोठा फोटो मुद्दाम एकदा अल्बममध्ये टाकून बघितला, त्याची पाळी आली तशी पाटी हजर. काढला, पुन्हा शांत. म्हणजे खात्री झाली. चौकटवाल्यांना इंग्रजीत सगळे आकडे देऊन लिहिलंय.

स्क्रीनशॉटमध्ये वरचं घड्याळ आणि बॅटरीही येत होती. फोटोवर एक टिचकी मारून पट्ट्या घालवल्या आणि मग घेतला, तेव्हा नीट आला.

उंटावरचाशहाणा

मला वाटलं होतं चापट्यांनी जाईल.

जुनीबॅटरी

विजेट आणि हलणारा वॉलपेपर काढल्यावर आयकॉन उगवायला कमी वेळ लागतोय. पण आता एक नवीनच: लॉक उघडताना पडदा काळा होतो आणि वरची पट्टीपण जाते. हेही याच प्रकारातलं का?

गंजकेकुलूप

नाही, पट्टी गेली म्हणजे सिस्टीम यूआय. तुमच्या फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटचं सिस्टीम अपडेट कधी आलं ते घेऊन वेगळा धागा काढा, इथे दोन आजार एकत्र नकोत. आणि तोवर कुणी काहीही सांगितलं तरी डेटा क्लिअर करू नका.